ठाण्याला उठ

प्रिय दोस्ता,

'चि.' लिहिलं तर तू हसशील आणि 'स.न.वि.वि.' लिहावं इतकं आपलं नातं कोरडं नाही. म्हणून दोस्ता.

तू ग्रुप सोडून दोन डबे पुढे चढतोस, असं कळलं. मी रिटायर झालो तरी डब्यातल्या बातम्या घरपोच येतात. 'राजकारण बोलायलाच नको होतं' असं तू कुणाकडे तरी म्हणालास म्हणे. ते काही मला पटलं नाही. कल्याण ते सीएसटी तासाभराचा प्रवास रोज करायचा आणि राजकारण बोलायचं नाही, तर काय भेंड्या लावायच्या?

आपल्याकडचे दोन शाखावाले तुला माहीतच आहेत. एक संघाच्या शाखेतला, दुसरा सेनेच्या. म्हणून एक 'सकाळची शाखा', दुसरा 'संध्याकाळची शाखा'. २३ नोव्हेंबर २०१९ ला चौथा शनिवार होता. बँकवाले, मंत्रालयवाले सुट्टीवर, डबा निम्मा रिकामा. संध्याकाळच्या शाखेच्या हातातल्या पेपरात पहिल्या पानावर उद्धव ठाकरेंचं नाव, आणि डोंबिवली सोडता सोडता कुणाच्या तरी मोबाइलवर फडणवीस आणि अजित पवार शपथ घेताना! 'जुना व्हिडिओ असेल' म्हणेपर्यंत गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली आणि रेंज गेली. त्या अंधारात एकही माणूस बोलला नाही. पलीकडे उजेड आला तेव्हा सकाळच्या शाखेने एवढंच विचारलं, 'पेपर रद्दीत देणार का?'

सोमवारी त्याने पेढे वाटले. मंगळवारी सरकार गेलं. बुधवारी संध्याकाळच्या शाखेने तोच खोका परत आणला, आत एकच पेढा. 'बहुमत सिद्ध कर' म्हणाला. सगळा डबा हसला, पेढेवाला सगळ्यांत जास्त. (हा 'खोका' शब्द २०२२ नंतर मात्र डब्यात कुणाला सरळ तोंडाने उच्चारता आला नाही.)

पण त्याच २०२२ ची गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. सेना फुटली, तेव्हा वाटलं होतं आता ह्याची सालटी निघणार. महिनाभर कुणी एक टोमणा मारला नाही. सकाळच्या शाखेनेही नाही. माणूस खिडकीबाहेर बघत बसायचा. शाखेतले ज्यांच्याबरोबर तीस वर्षं गणपती केला, ते दोन बाजूंना गेले होते. ती काही राजकीय बातमी नव्हती त्याच्यासाठी. तो स्वतः एके दिवशी म्हणाला, 'काय रे, माझी खेचायची सोडली का?' मग सुरू झालं.

आता तुझं. लाडक्या बहिणीच्या पैशांवर तू बोललास. राज्यावरचं कर्ज, निवडणुकीच्या तोंडावर आणलेली योजना, सगळं बरोबर असेल. त्यावर मीही तुझ्याच बाजूने भांडेन. पण नंतर तू म्हणालास, 'पंधराशे रुपयांत मतं विकली.' समोर चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने कोण बसलं होतं? तो पॅकिंगचं काम करणारा आपला माणूस. त्याच्या बायकोचा हप्ता जमा झाला की तो डब्यात सगळ्यांना सांगतो. त्या दिवशी तो गप्प बसला आणि तुला वाटलं, मुद्दा संपला.

मला हे ओळखू येतं, कारण मीही केलंय. १६ मे २०१४, लोकसभेचा निकाल. भिवंडीहून येऊन कल्याणला चढणारे एक गृहस्थ आमच्यात होते, मुसलमान, रमीत पक्के. मी थट्टेच्या सुरात विचारलं, 'काय, तुमच्याकडे काय वातावरण?' ते म्हणाले, 'आमच्याकडे म्हणजे? कल्याणला?' डबा हसला, तेही हसले. पत्त्यांचा डाव पुढे चालू झाला. सोमवारी ते आले नाहीत. नंतर मला प्लॅटफॉर्मवर दिसायचे, पुढच्या डब्याच्या खुणेपाशी उभे. मान हलवायचे. काय बोलायचं हे ठरवण्यात माझी दोन वर्षं गेली, मग त्यांचं ऑफिसच बदललं. सकाळच्या शाखेला मी इतकी वर्षं वाट्टेल ते बोललो, त्याने कधी डबा बदलला नाही. त्याला मी पक्षावरून छेडत होतो. ह्यांना मी एका वाक्यात डब्याबाहेर काढलं होतं.

तेव्हा तू माफीचं भाषण वगैरे करू नकोस. चारचौघांत माफी मागितलीस तर त्या पॅकिंगवाल्यालाच अवघड होईल, आणि सकाळची शाखा त्यावर महिनाभर नकला करेल. सोमवारी आपल्या डब्यात चढ. तुला बसायला देतील, वाद घालू नकोस. कुणी 'आलास का फुटीर गटातून' म्हणेल, म्हणू दे. ठाणं आलं की उठ आणि त्याला खिडकीची जागा दे. घाटकोपरपर्यंत त्याला झोप लागते.

तुझा,
खिडकीवाला काका