जिनिव्हात इंग्रजी रेडिओ आहे का, आणि फ्रेंच न येणाऱ्याला त्याचा खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांत जिनिव्हाला जॉईन व्हायचंय, फ्रेंच शून्य, बायको आणि छोटी मुलगी सोबत, आणि ऑफिसात कुणीतरी सांगितलं की तिथे परदेशी लोकांसाठी सरकारी पैशावर इंग्रजी रेडिओ चालतो. रेडिओ आहे, नाव वर्ल्ड रेडिओ स्वित्झर्लंड. सरकारी पैशाची गोष्ट मात्र जुनी झाली, तुमच्या ऑफिसातला माणूस २०१३ च्या आधी तिथे राहून आलेला दिसतोय. उपयोगाचं म्हणाल तर एका शब्दात नाही सांगता येणार, म्हणून जरा लांबड लावते, चहा घेऊन बसा.

आम्ही २००८ च्या ऑक्टोबरात गेलो आणि साडेसात वर्षं राहिलो, विमानतळाच्या पलीकडे मेरँ म्हणून भाग आहे तिथे. नवरा एका बँकेच्या आयटीत, त्याचं ऑफिस सगळं इंग्रजीत, त्यामुळे त्याला काही कळायचंच नाही की प्रॉब्लेम काय आहे. प्रॉब्लेम घरी बसणाऱ्याला असतो. पोस्टाच्या पेटीत रोज काहीतरी पडलेलं, सगळं फ्रेंचमध्ये, त्यातलं जाहिरातीचं कुठलं आणि कम्युनचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, कुठलं हे पण कळत नाही. कपडे धुवायचं मशीन तळघरात, त्याचे वार ठरलेले, ते समजावून सांगणारी आमच्या बिल्डिंगची केअरटेकर बाई पोर्तुगीज, तिचं फ्रेंच आणि माझं हातवारे.

रेडिओ घेतला तो प्लँपालेच्या जुन्या बाजारातून. तिथे बुधवारी आणि शनिवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो, आपल्या जुन्या बाजारासारखाच, फक्त कुणी ओरडत नाही. काट्याचा रेडिओ, बटण फिरवलं की लाल काटा सरकतो तसला. १०१.७ वर इंग्रजी लागतं असं कुणीतरी सांगितलेलं, पण तो काटा जरा हलला की लगेच फ्रेंच गाणी, म्हणून मी डायलच्या काचेवर नेमकं त्या जागी नेलपॉलिशचा ठिपका दिला. मरून रंगाचा. हा ठिपका लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

आता खरी गोष्ट. २००९ चा फेब्रुवारी, पहिला बुधवार, दुपारचा दीड. मुलगा दोन महिन्यांचा, सासूबाई आलेल्या, कुकर लावलेला. आणि एकदम भोंगा. अख्ख्या गावात, चढतोय उतरतोय चढतोय उतरतोय, थांबतच नाही. मला आधी वाटलं आपल्या कुकरचंच काहीतरी झालं, मी गॅस, म्हणजे हॉटप्लेट, बंद केली तरी आवाज चालूच. सासूबाईंनी एकाहत्तरचा ब्लॅकआऊट दादरला काढलेला, त्या बाळाला उचलून आतल्या खोलीत गेल्या आणि तिथून ओरडतायत "अगं आधी दिवे घालव". भर दुपारी दीड वाजता. नवऱ्याचा फोन लागेना, खिडकीतून बघितलं तर खाली एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवतायत, कुत्रासुद्धा शांत. मी रेडिओ लावला, काटा ठिपक्यावर होताच, आणि एक बाई अगदी निवांत इंग्रजीत सांगत होती की घाबरू नका, ही सायरनची वार्षिक चाचणी आहे, दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दीड वाजता सगळ्या देशात होते, तुम्ही काहीही करायचं नाहीये.

आणि मग तिने जे सांगितलं ते मी आजपर्यंत विसरले नाही. चाचणीच्या दिवसाव्यतिरिक्त हा आवाज आला तर त्याचा अर्थ एकच, रेडिओ लावा. म्हणजे बघा, त्या देशात भोंग्याचा अर्थ "पळा" किंवा "लपा" असा नाहीये, "रेडिओवर सांगतोय ते ऐका" असा आहे. टेलिफोन डिरेक्टरीच्या शेवटच्या पानांवर हे छापलेलं असायचं, धरणांच्या खाली राहणाऱ्यांना वेगळा भोंगा, तोही तिथेच. प्रत्येक स्विस पोराला शाळेपासून माहीत. पण रेडिओ लावला आणि तो फ्रेंचमध्ये बोलला तर माझ्यासारखीने काय करायचं? जिनिव्हा कँटनमध्ये, म्हणजे राज्यात, साधारण चाळीस टक्के लोक परदेशी पासपोर्टवाले आहेत हो. सगळेच काही इंग्रजीवाले नाहीत, पोर्तुगीज आहेत, फ्रेंच तर आहेतच, पण यूएन, डब्ल्यूएचओ, कामगारांची आयएलओ, भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सर्न आणि त्या सगळ्यांच्या नवरे-बायका धरल्या तर इंग्रजीवर जगणारी संख्या लहान नाही.

त्या दिवसापासून आमचा रेडिओ सकाळी जो चालू व्हायचा तो रात्रीपर्यंत. गाणी बरी असायची, काही विशेष नाही, रात्री बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस जोडून द्यायचे. मला त्यात इंटरेस्ट नव्हता. मला हवं होतं ते गावातलं, आजूबाजूच्या सगळ्यांना जन्मापासून माहीत असतं आणि म्हणून कुणी सांगतच नाही ते. उदाहरणार्थ सप्टेंबरात पहिल्या रविवारनंतरच्या गुरुवारी जिनिव्हात सुट्टी असते, फक्त जिनिव्हात, उपवासाचा दिवस म्हणून, आणि त्या दिवशी करतात काय तर प्लमचा टार्ट खातात, आपल्या एकादशीचीच बहीण. दुकानं बंद. पहिल्या वर्षी मला हे कुठून माहीत असणार, रेडिओने सांगितलं म्हणून आदल्या दिवशी दूध आणून ठेवलं, नाहीतर बॉर्डर ओलांडून फ्रान्समध्ये जावं लागलं असतं, तशी बॉर्डर चालत जाण्याइतकी जवळ आहे ते सोडा.

किंवा बीझ. तलावावरून ईशान्येकडून येणारा वारा, हाडं फोडणारा. २०१२ च्या फेब्रुवारीत तो इतका सुटला की व्हर्स्वाला तलावाच्या काठी लावलेल्या गाड्यांवर लाटांचं पाणी उडून उडून गोठलं, गाड्या दिसतच नव्हत्या, नुसते बर्फाचे ढिगारे, त्याचे फोटो तेव्हा जगभर फिरले. मी बीझ हा शब्द आधी रेडिओवरच शिकलेले, त्यामुळे लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या आजी नुसतं "बीझ" म्हणाल्या तर मला मान हलवून बरोबर चेहरा करता आला. हसू नका, परदेशात शेजाऱ्याशी पहिलं संभाषण असंच होतं.

मतदानाचंही तसंच. तिथे वर्षातून तीनचार वेळा लोक कशावर ना कशावर मत देत असतात. २००९ च्या नोव्हेंबरात मिनार बांधायला बंदी घालायची का यावर मतदान होतं आणि शहरात काळ्या मिनारांची पोस्टरं लागलेली, क्षेपणास्त्रासारखी दिसणारी. मला नुसती पोस्टरं बघून पोटात गोळा यायचा, नेमकं काय विचारतायत, कुणी मांडलंय, पास झालं तर काय, हे या रेडिओवर बसून दोन्ही बाजूंच्या लोकांनी इंग्रजीत समजावलं. ते ५७ टक्क्यांनी पास झालं, ती गोष्ट वेगळी. आम्हाला मत नव्हतंच. जिनिव्हात आठ वर्षं स्वित्झर्लंडमध्ये राहिलेल्या परदेशी माणसाला कम्युनच्या निवडणुकीत मत मिळतं, आम्ही साडेसात वर्षांनी परत आलो, आमचं नशीब.

आणि एक चांगला दिवस पण सांगते, ४ जुलै २०१२, सर्नने हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याचं जाहीर केलं तो. सर्न आमच्या घरापासून ट्रामने काही मिनिटं. स्वयंपाकघरात भेंडी चिरताना मी ते ऐकत होते, आणि बोसॉन मधला बोस म्हणजे आपले सत्येंद्रनाथ बोस हे मी मुलाला सांगत होते, साडेतीन वर्षांचा होता, त्याने विचारलं "ते आपल्याकडे जेवायला आलेले का".

आता पैशाचं. जिनिव्हात नव्वदच्या दशकापासून वर्ल्ड रेडिओ जिनिव्हा नावाचं छोटं इंग्रजी स्टेशन होतं. २००७ च्या शेवटी एसआरजीने, म्हणजे तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, त्याच्या जागी वर्ल्ड रेडिओ स्वित्झर्लंड सुरू केलं. जिनिव्हात एफएमवर १०१.७, बाकी देशात डॅबवर, म्हणजे वेगळा सेट लागतो त्या डिजिटल रेडिओवर. एसआरजी सरकारी खातं नाहीये, पण चालते ती प्रत्येक घराकडून घेतलेल्या रेडिओ-टीव्ही फीवर. आमच्या वेळी ती वर्षाला सुमारे ४६२ फ्रँक होती, तेव्हाच्या भावाने पंचवीसेक हजार रुपये. पहिलं बिल आलं तेव्हा नवऱ्याला वाटलं कुणीतरी फसवतंय. आता कमी झालीये, २०२१ पासून ३३५ आहे, पण तुम्हालाही भरावी लागेलच, घरात टीव्ही नाही वगैरे कारण चालत नाही, ते आधीच मनात धरून चला.

तर २०१२ च्या सुमारास एसआरजीने ठरवलं की हे स्टेशन आपल्याला नको. २०१३ मध्ये ते एका खासगी कंपनीकडे गेलं आणि त्याच वर्षी एफएमवरून उतरलं, नुसतं डॅब प्लस, म्हणजे डॅबचाच नवा प्रकार, आणि इंटरनेट. मी तेव्हा खूप चिडलेले. नंतर शांतपणे विचार केला तर त्यांचाही मुद्दा कळतो, स्वित्झर्लंडमधल्याच ऊरी कँटनच्या डोंगरातल्या शेतकऱ्याने जिनिव्हातल्या बँकवाल्यांच्या बायकांसाठी फी का भरायची? पण मग रोमान्श बोलणारे जेमतेम पन्नास-साठ हजार लोक आहेत, त्यांच्यासाठी वेगळा रेडिओ आहे, आणि असायलाच हवा, ती त्यांची राष्ट्रीय भाषा, १९३८ पासून घटनेत आहे. इंग्रजी कुणाचीच नाही. आणि फी तर आम्हीही तेवढीच भरत होतो की, एक फ्रँक कमी नाही.

माझं मत विचाराल तर असले रेडिओ गुणवत्तेमुळे बंद पडत नाहीत, ऐकणाऱ्यांना मत नसतं म्हणून पडतात. व्हिएन्नात १९७९ ला यूएनची इमारत उघडली तेव्हा ऑस्ट्रियाच्या सार्वजनिक प्रसारणाने ब्लू डॅन्यूब रेडिओ नावाचं इंग्रजी स्टेशन काढलं, २००० मध्ये ते तरुणांच्या एफएमफोरमध्ये मिसळून टाकलं. दक्षिण कोरियात सोलला महापालिकेच्या पैशावर २००८ पासून टीबीएस या शहराच्या प्रसारण संस्थेचं ईएफएम हे इंग्रजी स्टेशन चालायचं, तिथे कौन्सिलने अख्ख्या टीबीएसचेच पैसे २०२४ मध्ये थांबवले. काटकसर सुरू झाली की आधी आमच्यासारख्यांचं पान कापलं जातं, कारण आम्ही कुणाला पाडू शकत नाही. आणि गंमत म्हणजे जगातल्या रेडिओ फ्रिक्वेन्सी कुणी कशा वापरायच्या याचे नियम जिथे ठरतात ते आयटीयू जिनिव्हातच आहे. त्याआधी राष्ट्रसंघाचं, म्हणजे यूएनच्या आधीच्या संस्थेचं, स्वतःचं शॉर्टवेव्ह केंद्र १९३२ पासून तलावाच्याच काठी प्रांजँला होतं. आणि त्याच जिनिव्हात माझ्या स्वयंपाकघरातला काटा मुका.

मुका म्हणजे खरंच मुका नाही. एफएम गेल्यावर पुढचे काही महिने आमच्याकडे डॅबचा सेट नव्हता, जुन्या गाडीत तर शक्यच नव्हतं, मग मी काटा थोडा सरकवून फ्रेंच बातम्या लावायला लागले, चिडून. सुरुवातीला फक्त बीझ कळायचं. मग आकडे, मग वार, मग ट्रॅफिकमधली पुलांची नावं. वर्षभराने पोर्तुगीज केअरटेकर बाईशी मशीनच्या वारावरून रीतसर भांडले, फ्रेंचमध्ये, आणि जिंकले. म्हणजे पाच वर्षं इंग्रजी रेडिओने मला जेवढं सांभाळलं तेवढंच लाडावूनही ठेवलेलं, हे कबूल करायला पाहिजे.

तर तुम्ही काय करा. डॅब प्लसवाला छोटा सेट घ्या, तिथे गेल्यावरच घ्या, इथून नेऊ नका. एफएमचा आता तसाही भरवसा नाही, एसआरजीने स्वतःचे एफएम ३१ डिसेंबर २०२४ ला बंदच केले, म्हणजे आमच्या स्टेशनला जिथे अकरा वर्षं आधी ढकललं तिथे एसआरजी स्वतःच येऊन पोचली. वर्ल्ड रेडिओ स्वित्झर्लंड खासगी असलं तरी चालू आहे, सकाळी लावत जा, बायकोसाठी तर नक्कीच. फोनवर अलर्टस्विस ॲप घाला, ते इंग्रजीतही आहे, सायरनबद्दल तिथे कळतं. संध्याकाळी मात्र अर्धा तास फ्रेंच लावा, कळो न कळो. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दीड वाजता घरी कुणी एकटं असेल तर आधी सांगून ठेवा, विशेषतः सासूबाई असतील तर.

तो काट्याचा रेडिओ परत आणला आम्ही. कोथरूडला ओट्यावरच असतो, ठिपका अजून गेला नाहीये. इथे विविध भारती १०१ ला लागते, काटा ठिपक्याच्या किंचित डावीकडे ठेवावा लागतो.