ग्रेट ओशन रोडवर प्राणी बघायचेत!

प्रश्न: आम्ही मित्रमंडळी ऑगस्टमध्ये मेलबर्नहून गाडी घेऊन ग्रेट ओशन रोडला (ऑस्ट्रेलियातला समुद्राकाठचा रस्ता) निघतोय. व्हेल, कोआला, पेंग्विन सगळं एकाच वीकेंडला होईल का?

उत्तर: होईल, पण नुसती पळापळ होईल हो. पेंग्विनचं फिलिप आयलंड मेलबर्नपासून साधारण १४० किमी आणि तेही अगदी उलट्या दिशेला, त्यामुळे ते वेगळ्या दिवशी ठेवा, तिथे अंधार पडताना जेमतेम फूटभर उंचीचे पेंग्विन घोळक्याने पाण्यातून वर येतात, फोटोला मात्र सक्त बंदी आहे (बरंच आहे, निदान डोळ्यांनी बघाल). व्हेलसाठी ऑगस्ट एकदम बेस्ट. वॉर्नंबूलच्या लोगन्स बीचला सदर्न राइट व्हेलच्या माद्या पिल्लांना घेऊन किनाऱ्याच्या बऱ्याच जवळ येतात, दुर्बीण न्याच, नाहीतर लांबून काळा ठिपका दिसतो आणि मग तो व्हेल की खडक यावरून गाडीत भांडणं. वाटेत केनेट रिव्हर नावाच्या छोट्या गावात निलगिरीच्या बेचक्यांमध्ये वर बघत चला, राखाडी गोळा दिसला की समजा कोआला, बहुतेक वेळ झोपलेलाच असणार. आणि हो, अंधारात ड्रायव्हिंग शक्यतो टाळाच, कांगारू आणि वॉलबी (कांगारूचेच छोटे भाऊबंद) संध्याकाळनंतर अचानक रस्त्यावर उड्या मारतात.