खाणावळीच्या पाटीसाठी जाड, ब्रशच्या वळणाचा फॉन्ट घ्यावा का?

मालवणात घरगुती खाणावळ सुरू करताना पाटी, मेन्यूकार्ड आणि पार्सलची पिशवी या तिन्हींवर जाड, ब्रशने रंगवल्यासारखा एकच फॉन्ट वापरावा का, असे आपण विचारले आहे. मी कुडाळात बोर्डांची कामे करतो. माझ्या मते पाटीवरच्या नावासाठी तो अवश्य घ्यावा, पिशवीवरही तो शोभेल. मेन्यूकार्डात मात्र मथळ्यापुरताच ठेवावा.

या फॉन्टचा सारा दिमाख फटकाऱ्यात असतो: रेघ सुरू होताना फुगीर, संपताना रंग सुकत आल्यासारखी खरखरीत, आणि शिरोरेषा फूटपट्टी न लावता ओढल्यासारखी किंचित वर चढलेली. त्यामुळे मासळीचे ताट, आंब्याची पेटी, दशावताराची जाहिरात यांना तो खुलून दिसतो. दवाखान्याच्या पाटीवर तोच फॉन्ट पाहिला की उपचाराविषयी शंका येते.

रोमन लिपीत ही जात जुनी आहे. अमेरिकेत 'ब्रश स्क्रिप्ट' 1942 साली आला आणि फ्रान्समध्ये 'मिस्त्राल' 1953 साली. देवनागरीत मात्र रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे सांभाळावी लागत असल्याने जाडी वाढली की अक्षरांची पोटे बुजतात. 'थाळी' हा शब्द टाइप करून पाहावा. ळ चा गोळा झाला, तर तो फॉन्ट सोडून द्यावा. माझ्या एका सुरुवातीच्या कामात मोकळेपणाच्या नादात घ ची शिरोरेषा मध्येच सुटलेली होती आणि 'घरगुती जेवण' हे गिऱ्हाइकाच्या शेजाऱ्यांनी 'धरगुती जेवण' असे वाचले. फ्लेक्स माझ्या खर्चाने बदलून द्यावा लागला.

दुसरी खोट 'कोकण' या शब्दात दिसेल. पेंटरने रंगवलेल्या पाटीवर दोन क कधीच तंतोतंत सारखे नसतात, कारण दुसऱ्यापर्यंत येताना ब्रशमधला रंग कमी झालेला असतो. फॉन्टमध्ये दोन्ही क ची खरखरीत शेपटी रेघेसाठी रेघ जुळते आणि हाताने लिहिल्याचा आभास तिथेच फुटतो. एकाच अक्षराची दोन-तीन रूपे देणारा फॉन्ट मिळाला तर उत्तम. नाहीतर डिझायनरकडून एक क थोडा बदलून घ्यावा.

मेन्यूकार्डात पदार्थ आणि दर बारीक अक्षरात येतात, तिथे 'मुक्ता'सारखा साधा फॉन्ट बरा. पत्ता आणि फोन नंबरही त्यातच द्यावेत. आपली पाटी बाजारातल्या गल्लीत असेल तर काम सोपे आहे. पुढेमागे महामार्गावर दिशादर्शक बोर्ड लावणार असाल, तर ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर पुढे सरकते, हे लक्षात घेऊन तिथे नाव आणि बाण एवढेच ठेवावे. छपाईला देण्याआधी नाव खऱ्या आकारात कागदावर काढून भिंतीला चिकटवावे आणि ज्याला ते ठाऊक नाही अशा एखाद्याला रस्त्यापलीकडून वाचायला सांगावे.