जुना बी-२७५ ट्रॅक्टर घेतलास, आता सेल्फ मारायची घाई नको

भाऊ, यावलच्या केळीपट्ट्यातून जुना बी-२७५ आणलास, फार बरं वाटलं. पण वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, धरून बसतात, जोर लावला की तुटतात. आधी डिझेल फवारणारे नोझल काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल-ऑइल मिसळून ओत, आठवडाभर मुरू दे. मग टॉप गिअर टाकून ट्रॅक्टर हळूहळू मागे-पुढे हलव. इंजिन सुटलं की नोझल बसवण्याआधी हाताने फिरवून आतलं तेल बाहेर काढच, नाहीतर तेल दाबलं जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकेल. डिझेल टाकीच्या तळाचा गंज पंपात जाऊ देऊ नकोस. आरसीवरचा चेसिस नंबर जुळवलास ना? रंगाचं नंतर बघू. रेडिएटर मात्र आत्ताच साफ कर, जळगावच्या मे महिन्यात चोंदलेली जाळी इंजिन तापवतेच.