शिक्रा डालग्याखाली, आता पुढे काय?

प्रश्न: आमचं गाव आर्वी तालुक्यात आहे. घरामागच्या सांदवाडीत गावरान कोंबड्या आहेत, मुलाचे दोन पांढरे ससे होते आणि पिंजऱ्यात एक पोपट आहे. आमच्याच कडुनिंबावर शिक्रा या लहान शिकारी पक्ष्याच्या जोडीनं घरटं केलं आणि मार्चपासून कोंबडीची पिल्लं एकेक करून जायला लागली. मागच्या आठवड्यात रात्रीतून एक ससाही गेला. शेवटी दिरानं एक जिवंत पिल्लू दोरीनं बांधून वर जाळं टाकलं, त्यात पक्षी सापडला. त्याच्या पंखाला लागलंय. काल संध्याकाळपासून तो कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवलाय. शेजाऱ्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि वनखात्याला दाखवतो म्हणतो. सासूबाई म्हणतात, घरट्याची फांदीच तोडून टाका. एकानं मेलेल्या कोंबडीत थिमेट हे कीटकनाशक भरून ठेवायला सांगितलं. आमच्या अंगणात, आमच्याच जनावरांसाठी केलं, तर यात गुन्हा कसला? आणि झालेल्या नुकसानीचं काही मिळेल का?

उत्तर:

ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी १९२६ ला फोन लावा. वनविभागाची ही हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. गावाचं नाव, घर कुठे आहे आणि जखमी शिक्रा आमच्याकडे आहे, एवढं सांगा. तुमच्या भागाच्या वनरक्षकाचा नंबर पोलीस पाटलांकडे असेल, त्यालाही कळवा. फोन किती वाजता केला ते कागदावर लिहून ठेवा आणि मोबाइलमधली नोंद पुसू नका.

माणसं येईपर्यंत पक्षी डालग्याखाली ठेवू नका. डालग्याच्या फटींतून त्याला माणसं, कुत्री दिसत राहतात आणि तो धडपडून पंख आणखी मोडून घेतो. जाड गोधडी वा पोतं टाकून त्याला अलगद उचला. नख्यांपासून हात जपा, चोचीपेक्षा त्याची नखं वाईट. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा. दूध, भात, पाणी काहीही पाजू-भरवू नका. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. असे पक्षी उपचारासाठी तिथे नेता येतात, तेव्हा मोडलेला पंख म्हणजे पक्षी संपलाच असं धरू नका. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. घरटं चालू असताना मादी बहुतेक वेळ अंड्यांवर किंवा पिल्लांपाशी असते आणि शिकार आणून देतो तो नर. डालग्याखाली नर असेल, तर वर झाडावर उपाशी राहणारे जीव आणखी आहेत. म्हणून उद्या बघू म्हणू नका.

त्याला अंधारात गुपचूप सोडून देण्याचा किंवा मेला तर पुरून टाकण्याचा विचार घरात कुणी काढला असेल, तर तो तिथेच थांबवा. व्हिडिओ शेजाऱ्याकडे आहेच. गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे आणि त्यात दिराबरोबर तुम्ही आणि सासूबाईही ओढल्या जाल. आज स्वतःहून फोन करून पक्षी सुपूर्द केला, तर घडलेला गुन्हा पुसला जात नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. पण जामिनाच्या वेळी आणि शिक्षेच्या वेळी न्यायाधीशांसमोर ठेवायला याहून मोठी गोष्ट तुमच्या दिराजवळ नसेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. अंगण तुमचं आहे, निंबही तुमचा. शिक्रा मात्र तुमचा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे या कायद्याविरुद्ध धरलेला किंवा मारलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो, मग तो जंगलात धरलेला असो की तुमच्या सांदवाडीत. कलम ९ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांतल्या, प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, आणि शिक्रा पहिल्या अनुसूचीत आहे. इथे बहुतेक लोक चुकतात. त्यांना वाटतं, मारलं तरच शिकार. कलम २(१६) मध्ये मारणं, विष घालणं याबरोबर पकडणं, फासे-जाळी लावणं, आमिष ठेवणं हे सगळं शिकारीत धरलंय, नुसता प्रयत्नसुद्धा. दिरानं पिल्लू बांधलं तिथेच आमिष झालं, जाळं टाकलं तिथे सापळा झाला. पक्षी जिवंत आहे ही समाधानाची गोष्ट, पण गुन्हा होण्यासाठी तो मरायला हवा असं नाही. बांधलेल्या त्या पिल्लाचाही प्रश्न आहेच. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा कोंबडीलाही लागू होतो.

शिक्षा कलम ५१ मध्ये आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार असेल तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. हा दंड २०२२ च्या दुरुस्तीनं वाढवला, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. किमान शिक्षा ठरलेली असल्यामुळे रक्कम भरून प्रकरण मिटवायची सोय या गुन्ह्याला नाही. कुणी ‘इतके द्या, मी मिटवतो’ म्हणाला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. तो तुम्हाला फसवतोय, आणि लाच दिली तर आणखी एक गुन्हा तुमच्या माथी येईल.

तुम्ही म्हणाल, आपल्या मालाचं रक्षण करायचा हक्क कायद्यातच आहे ना? आहे, पण तो माणसाच्या गुन्ह्याविरुद्ध. चोरी, आगळीक (मुद्दाम नुकसान करणं), घुसखोरी हे माणूस करतो. भक्ष्य उचलणारा पक्षी कायद्याच्या दृष्टीनं चोर नसतो. वन्यजीव कायद्याच्या कलम ११(२) मध्ये एक सूट आहे, स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. अस्वल किंवा वाघ अंगावर आला तर हे कलम माणसाच्या बाजूनं उभं राहतं. कोंबडीसाठी, सशासाठी, मांजरीसाठी ते नाही. तुमचा जीव त्या पिल्लांवर किती असेल, याची मला कल्पना आहे. तरीही कायदा इथे ठाम आहे, आणि मला विचाराल तर तो बरोबर आहे. नाहीतर ज्याची कोंबडी गेली त्या प्रत्येकाच्या हातात गुलेल आली असती.

दिराबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी जोखीम इथे आहे. वनाधिकारी हा पोलीस नव्हे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्या भरवशावर लोक वनखात्यापुढे काहीही सांगून मोकळे होतात. पण वन्यजीव कायद्यात सहायक वनसंरक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं आरोपीसमोर नोंदवलेला पुरावा खटल्यात वाचला जातो. म्हणून दिरानं खोटं एक अक्षर सांगू नये आणि घाबरून न वाचता कुठे सहीही करू नये. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नं हा हक्क दिलाय. ‘पक्षी सुपूर्द करतोय, जबाब वकिलांशी बोलून देतो’ असं त्यानं नम्रपणे म्हटलं तर ते उद्धटपणा ठरत नाही. गुन्हा अजामीनपात्र असल्यानं आजच आर्वी किंवा वर्ध्याच्या वकिलाला प्रत्यक्ष भेटा. अटकेची शक्यता दिसली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करता येतो. खर्चाची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. तुम्ही महिला आहात, तुमच्यावर काही आलं तर उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दिरासाठी उत्पन्नाचा दाखला लागेल.

सासूबाईंना सांगा, फांदीला हात लावायचा नाही. पक्ष्याची अंडी फोडणंच नव्हे, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणंसुद्धा वन्यजीव कायद्याच्या कलम २(१६) मध्ये शिकार धरलंय. खालून धूर करणं, काठीनं घरटं पाडणं हेही त्यातच आलं. अंडी सुमारे तीन आठवडे, मग पिल्लं उडायला महिनाभर. पावसाळा लागेपर्यंत बहुतेक घरटी रिकामी होतात. घरटं पूर्ण रिकामं झाल्याची वनरक्षकाकडून खात्री करून घ्या, मग फांदी छाटायचं बघता येईल. टाळ्या वाजवून, आरडाओरडा करून अंगणातून पक्षी हाकलणं याला कुणी शिकार म्हणणार नाही. दगड, गुलेल, छर्ऱ्याची बंदूक मात्र नको.

आणि थिमेट. ज्यानं हा सल्ला दिला त्याला घरात पाऊल टाकू देऊ नका. या विषारी औषधाच्या विक्री-वापरावर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. विष भरलेली कोंबडी शिक्रा खाईलच असं नाही, तो ताजी शिकार धरणारा पक्षी आहे. ती खाईल तुमचं कुत्रं, शेजाऱ्याची मांजर, एखादं गिधाड, आणि अंगणात खेळणाऱ्या लेकराच्या हाताला ते लागलं तर बोलायलाच नको. यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, हे आपल्या भागानं सोसलंय. कुंपणात वीज सोडण्याचं तर मनातही आणू नका. त्यात माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहतो.

ससा शिक्र्यानं नेला असं मला वाटत नाही. शिक्रा कबुतराएवढा असतो आणि दिवसा शिकार करतो. मुठीएवढी पिल्लं, सरडे, चिमण्या, उंदीर, खारी हे त्याचं खाणं. वाढलेला ससा त्याला उचलत नाही. शिवाय तुम्हीच लिहिलंय, रात्रीतून गेला. पिंजरा नीट पहा. तार वाकलेली आहे का, खालून माती उकरलेली आहे का? मुंगूस, रानमांजर किंवा गावातलं मोकाट कुत्रं असणार. शिकारी पक्ष्यानं मारलं असतं तर जवळपास उपटलेल्या पिसांचा वा केसांचा ढीग राहिला असता. यातलं रानमांजर आणि मुंगूसही संरक्षित आहेत, त्यांच्यावर सूड काढू नका.

कायद्यानं तुम्हाला मोकळीक दिलीय ती जनावरं झाकायची, आणि ती पुरेपूर वापरा. पिल्लं पहिले पाच-सहा आठवडे मोकळी सोडूच नका. त्यांच्यासाठी बांबूच्या चौकटीवर हिरवी शेडनेट घट्ट ताणून बसवा, संत्र्याच्या रोपवाटिकांना लावतात तीच. ढिली नायलॉनची मासेमारीची जाळी अजिबात नको. पक्षी त्यात गुरफटतो आणि मग ते जाळं संरक्षणाचं होतं की पकडण्याचं, यावर वाद होतो. शेडनेट ताठ, लांबून दिसणारी, आणि आत-बाहेर आमिष नाही, हे पाहणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे. मोठ्या कोंबड्यांना सांदवाडीत दोन-तीन ठिकाणी तुराट्यांचे किंवा पऱ्हाट्यांचे ठेंगणे मांडव घालून द्या. वरून सावली पडली की कोंबडी पिल्लांना घेऊन त्याखाली शिरते आणि काटक्यांमध्ये शिक्र्याला झडप घालता येत नाही. दाणे उघड्यावर न टाकता त्या मांडवाखाली टाका. सशाचा पिंजरा जमिनीपासून कमरेएवढा उंच, अर्ध्या इंची वेल्डेड जाळीचा, तळही जाळीचा, आणि दाराला वाकवलेल्या तारेऐवजी कडी-कोयंडा. दोन सशांचा एक राहिला आहे, त्याला आज रात्रीपासून घरात घ्या.

नुकसानभरपाईवर फार आशा ठेवू नका. वाघ-बिबट्यानं गाय, बैल, शेळी मारली की पंचनामा होऊन मदत मिळते. शिकारी पक्ष्यानं नेलेल्या कोंबडीसाठी अशी ठरलेली वाट नाही. आणि खरं सांगायचं तर ज्या घरावर शिकारीचा गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, त्यानं त्याच आठवड्यात त्याच कार्यालयात पिल्लांच्या पैशाचा अर्ज करणं दिराच्या हिताचं नाही.

राहिला पोपट. तुम्ही तो जाता जाता लिहिला, पण वनरक्षक अंगणात आला की त्याची नजर आधी त्याच पिंजऱ्यावर जाईल. गुलाबी कंठाचा आपला रानपोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. तो पिंजऱ्यात ठेवणं बेकायदा आहे, बाजारातून पैसे देऊन आणला असला तरीही. तीच गत शेतात तूर कापताना सापडलेल्या रानसशाच्या पिल्लांची आणि तितराची. तुमचे ससे पांढरे, पाळीव जातीचे, म्हणून त्यांची काळजी नाही. पोपट लपवू नका, घाईघाईनं उडवूनही देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पाखराला बाहेर खाणं शोधता येत नाही. शिक्र्यासोबत तोही वनरक्षकाच्या स्वाधीन करा. मुलाला वाईट वाटेल, त्याला आधी जवळ घेऊन समजावून सांगा. पंचनाम्यात ‘स्वतःहून सुपूर्द केले’ हे शब्द दोन्ही पक्ष्यांपुढे लिहिले गेले आहेत का ते सही करण्याआधी वाचा, तारीख-वेळ पहा आणि पंचनाम्याची एक प्रत मागून वकिलाकडे नेऊन द्या.