अभ्यासिकेत बसलं की मन भरकटतं, असं का होतं?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत मन गावाला पोहोचतं, असं तुम्ही विचारलंय. यात बिघाड काही नाही. २०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना दिवसभरात फोनवरून अधूनमधून विचारलं, 'आत्ता लक्ष कुठे आहे?' सुमारे ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामाबाहेर होतं. म्हणजे सगळ्यांचीच हीच गत.

बाहेरचं काम थांबलं म्हणून मेंदू स्वस्थ बसत नाही. त्याचे काही भाग अशा वेळी उलट जास्त सक्रिय होतात; मेंदूशास्त्रज्ञ मार्कस राइकल यांनी २००१ मध्ये हे नेमकं मांडलं. आठवणी चाळणं, उद्याची जुळवाजुळव, 'ती अशी का बोलली' हे सगळं तिथलंच. राज्यघटनेची कलमं तिसऱ्यांदा वाचताना डोळे ओळीवरून सरकत राहतात, पानही उलटतं, आणि डोक्यात मात्र खोलीचं भाडं. ओळखीचा मजकूर मेंदूला गुंतवून ठेवत नाही, मग अडकलेली काळजी पुढे सरसावते.

बाहेरून येणारा व्यत्यय वेगळा. खुर्ची करकरली की मान वळते, कारण अचानक आवाजाकडे वळणं ही जुनी संरक्षक सवय आहे. (पुण्यात हॉर्नला मात्र कोणी ढिम्म हलत नाही, नेहमीच्या आवाजाची सवय होते ती अशी.)

माझं मत, लक्ष बळजबरीने धरून ठेवू नका. पान संपलं की पुस्तक मिटून आठवेल ते लिहा. भाड्याचा विचार आलाच तर कोपऱ्यात एका ओळीत टिपून ठेवा. आणि झोप नीट घ्या, रात्री जागून वाचणाऱ्यांचं लक्ष आणखीच उडतं.