आधी समोरचे दोन

भाऊ,

रविवारी घरी आलास, चहावर साय धरली तरी मोबाईलमधून डोकं वर काढलं नाहीस. एकीकडे साउंडबार, दुसरीकडे सहा डब्यांचा, म्हणजे सहा स्पीकरचा सेट, तिसरीकडे कुणीतरी छातीठोक सांगतोय की ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येणारी सोय, नसेल तर घेऊच नका. वर दुकानातून आणलेला तो कोटेशनचा कागद, त्यात '१००० वॅट'ला पेनाने गोल केलेला. जाताना म्हणालास, काका, घरी सिनेमा बघायला स्पीकर घ्यायचेत, चाळीस हजारात काय येतं ते एकदाचं सांगा ना. मी खेकसलो. तू गेल्यावर काकूने माझी चांगलीच काढली, पोराचा पहिला पगार आहे, जरा नीट बोलता येत नाही का म्हणून. तर आता नीट बोलतो.

आधी समोरचे दोन स्पीकर घे. बाकी काही नाही. डावा आणि उजवा, दोनच, पण चांगले, बुकशेल्फ साईजचे, म्हणजे फळीवर मावतील असे. पंचवीस हजार त्यांच्यात घाल आणि उरलेल्यात सेकंडहँड एव्ही रिसीव्हर बघ, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकर वाजवणारा डबा. रिसीव्हर सेकंडहँड का, तर दर चार-पाच वर्षांनी एचडीएमआयचं, म्हणजे टीव्ही जोडायच्या वायरीचं, काहीतरी नवीन निघतं आणि कालचा महागडा रिसीव्हर आज अर्ध्याहून कमी किमतीत मिळतो. स्पीकरला असलं काही नसतं, तो नीट वापरला तर वीस वर्षं तसाच वाजतो, फक्त कोनभोवतीची, म्हणजे पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याभोवतीची, कड फोमची असेल तर कुजते, म्हणून रबराची बघून घे. रिसीव्हर घेताना घरून एक स्पीकर घेऊन जा आणि प्रत्येक चॅनलला, म्हणजे स्पीकर जोडायच्या प्रत्येक जागी, लावून वाजवून बघ, समोरचा माणूस कितीही घाई करू दे.

आणि ते १००० वॅट डोक्यातून काढ रे. तुझी खोली दहा बाय बारा. चांगला स्पीकर एका वॅटवर एक मीटरला ८७ डेसिबलच्या आसपास देतो, म्हणजे घरात सिनेमा बघताना बहुतेक वेळ दोन-चार वॅटच्या वर जातच नाहीस. ५० चे १०० वॅट केलेस तर फक्त ३ डेसिबल वाढतात, काकूला फरक जेमतेम कळेल. कागदावर आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, लिहिलेलं नसेल तर तो आकडा नाही, जाहिरात आहे.

तू म्हणशील काका जुन्या जमान्यातले. तर माझं ऐक. २००७ मध्ये मी हप्त्यावर सहा डब्यांचा सेट घेतला होता, हौस दांडगी. आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर सबवूफरच्या, म्हणजे बेसच्या मोठ्या डब्याच्या, पोटात. जूनमधला पहिला वादळी पाऊस, भुसावळची लाईट चारदा आली-गेली, सबवूफरमधून जळका वास आला आणि खेळ खलास. पाच डबे धडधाकट, पण वायरींचे टोक असे की दुसऱ्या कशाला लागतच नाहीत. हप्ते अजून सात बाकी होते. मागच्या भिंतीवरच्या एका डब्याला काकू आजही कॅलेंडर अडकवते.

पण खरी लाज त्याच्या पुढची आहे, ती कुणाला सांगत नाही. त्यानंतर पैसे साठवून दोन चांगले बुकशेल्फ घेतले, घरी आणून जोडले तर आवाज पोकळ, बेस गायब, माणूस बोलतोय ते कुठून येतंय कळेना. वर्षभर स्पीकरला शिव्या घातल्या, शेवटी अर्ध्या किमतीत ओळखीतल्याला देऊन टाकले. सहा महिन्यांनी त्याच्याकडे भरीत खायला गेलो तर तेच डबे असे वाजत होते की माझा घास हातातच राहिला. घरी येऊन जुनी वायर उलगडून बघितली. एका बाजूला लाल-काळं उलटं जोडलं होतं मी. एक कोन पुढे जातो तेव्हा दुसरा मागे, बेस आपापसातच मारला जातो. म्हणून वायरीवरची रेघ दोन्ही टोकांना बोट लावून तपास. बनाना प्लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायची पिन, घेतलास तर काम सोपं, केळीच्या पट्ट्यातला पोरगा तू, तेवढं तर जमेल! वायर खऱ्या तांब्याची घे, वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी पण खपवतात, टोक खरवडलं की पांढरं दिसतं.

दोनच लावलेस की रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटर, म्हणजे मधला संवादाचा स्पीकर, 'नाही' असं सांग, मग तो संवाद दोघांत वाटून देतो आणि मधोमध बसलं तर आवाज थेट टीव्हीतून आल्यासारखा वाटतो. बाजूला बसणाऱ्याला तो जवळच्या डब्यातूनच येईल, तुझी आई तक्रार करेल. तेव्हा सेंटर घे, पण समोरच्या दोघांच्याच सिरीजमधला, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मधेच बदलल्यासारखी वाटते. मग सब, म्हणजे सबवूफर. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर, म्हणजे त्याच्या खालचा बेस सबकडे जातो. सब कुठे ठेवायचा हे विचारत बसू नकोस, तो तुझ्या बसायच्या जागी ठेव, बेसवालं गाणं लाव आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने रांगत फिर, जिथे बेस भरीव आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे त्याची जागा. मी रांगत होतो तेव्हा दूधवाला दारात उभा होता, असो.

मागचे दोन सगळ्यात शेवटी. मी अजून घेतलेले नाहीत. लोक म्हणतात म्हातारा चिक्कू आहे. चिक्कू नाहीये मी, माझ्या खोलीत सोफा मागच्या भिंतीला चिकटलाय, तिथे डबे कानाच्या मागे जागेवर बसतच नाहीत, आणि मुळात समोरचं नीट वाजत असलं की मागची आठवण येत नाही. काकूचं मत वेगळं आहे, ते तिलाच विचार.

तुझ्या खोलीत वर स्लॅब, खाली टाईल्स, टाळी वाजवली तर खणखणते. आमचं गावचं धाब्याचं घर, मातीच्या भिंती, तिथे साधा रेडिओसुद्धा गोड वाजायचा. तुला माती लावायला सांगत नाही, पण जाड गोधडी बाजूच्या भिंतीवर टांग, खाली सतरंजी टाक, फुकटात जो फरक पडतो तो दहा हजाराच्या अपग्रेडने पडत नाही. रिसीव्हर कपाटात कोंडू नकोस, मे महिन्यात इथे ४५ पार जातं, तो बिचारा आत भाजून निघेल. पाऊस लागला की प्लग उपटून ठेव, स्टॅबिलायझरच्या भरवशावर राहू नकोस.

आणि हप्त्यावर घेऊ नकोस. वर्षाला एक वस्तू. मधल्या वर्षात ऐक, फक्त ऐक, काय कमी पडतंय ते कानच सांगतात. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, ते वेगळं.

शनिवारी ये. तो कोटेशनचा कागद घरी ठेव, मोजपट्टी आण, आणि बामणोदची वांगी मिळाली तर दोन किलो आण, काकू म्हणाली भरीत करते. वायर मी काढून ठेवलीये, तीच जुनी, उलटी जोडलेली.

तुझा काका